मायक्रोसॉफ्ट डिफेंडर: कार्यालयातील सवयींच्या कसोटीवर

गेली तीन वर्षे आमच्या कार्यालयातील बावीस संगणकांवर विंडोजसोबत येणारे मायक्रोसॉफ्ट डिफेंडर हेच एकमेव अँटिव्हायरस आहे. त्याआधी आम्ही दरवर्षी पैसे भरून दुसरे अँटिव्हायरस घेत होतो. त्याची मुदत संपली तेव्हा नूतनीकरण करावे की विंडोजमध्ये आहे त्यावरच भागवावे, हा प्रश्न माझ्यापुढे आला, कारण आमच्याकडे स्वतंत्र संगणक विभाग नाही आणि मूळ काम सांभाळून हे पाहणे माझ्याचकडे असते. डिफेंडरची वाचायला मिळणारी बहुतेक परीक्षणे प्रयोगशाळेतील गुणांवर उभी असतात. ते गुण चांगले आहेत. एव्ही-टेस्ट ही जर्मन संस्था संरक्षण, वेग आणि वापरातील सुलभता यांना प्रत्येकी ६, असे एकूण १८ पैकी गुण देते आणि अलीकडच्या वर्षांत डिफेंडर तिथे सातत्याने वरच्या गटात राहिले आहे. मात्र प्रयोगशाळेतल्या संगणकासमोर कामाच्या घाईत असलेला माणूस बसलेला नसतो. आमच्याकडे तो असतो, त्याला पाचच्या आत कागद पुढे पाठवायचे असतात, आणि मालवेअर म्हणजे घातक सॉफ्टवेअर आत येते ते बहुतेक वेळा त्याच्याच हातून, त्याच्या अगदी साध्या, रोजच्या सवयीतून. म्हणून या उत्पादनाचे मोजमाप मी त्या सवयींवरूनच करणार आहे.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. डिफेंडर हे नाव २००६ पासूनचे आहे आणि तेव्हा ते केवळ स्पायवेअर, म्हणजे गुपचूप पाळत ठेवणारी सॉफ्टवेअर, शोधणारे साधन होते. पूर्ण अँटिव्हायरस म्हणून ते विंडोजमध्ये आले ते २०१२ साली, विंडोज ८ सोबत. ‘विंडोजमधले फुकटचे अँटिव्हायरस कशाला कामाचे’ हे वाक्य त्या जुन्या काळातले आहे आणि आज ते खरे राहिलेले नाही. आजचे डिफेंडर उघडली जाणारी प्रत्येक फाइल त्या क्षणी तपासते, चालू प्रोग्रामच्या वागणुकीवर लक्ष ठेवते आणि संशयास्पद फाइलबद्दल मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरकडे विचारणा करते. दुसरे अँटिव्हायरस बसवले की ते स्वतःहून बाजूला होते, म्हणून नव्या लॅपटॉपवर आधीच भरून आलेले चाचणी मुदतीचे अँटिव्हायरस ठेवायचे नसेल, तर ते पहिल्याच दिवशी रीतसर काढून टाकावे.

डिफेंडर जागे आहे की नाही हे पाहण्यासाठी खऱ्या व्हायरसची गरज नसते. आयकार नावाची ६८ अक्षरांची एक निरुपद्रवी चाचणी फाइल आहे, जिला सगळी अँटिव्हायरस ठरवून व्हायरस समजतात. मी ती प्रत्येक संगणकावर उतरवून पाहिली. साधी फाइल सेव्ह होताक्षणी अडवली गेली. मग तीच फाइल पासवर्ड लावलेल्या झिपमध्ये बांधून पाठवली, तेव्हा डिफेंडर गप्प राहिले आणि झिप उघडून फाइल बाहेर काढल्यावरच त्याने तिला पकडले. यात त्याचा दोष नाही, कारण कुलूप लावलेल्या पेटीत काय आहे ते कोणतेही अँटिव्हायरस बाहेरून पाहू शकत नाही. पण मालवेअर पाठवणाऱ्यांनाही हे ठाऊक असते. मेलमध्ये झिप आणि त्याच मेलमध्ये तिचा पासवर्ड अशी जोडी दिसली, की तो पासवर्ड अनेकदा अँटिव्हायरसला चुकवण्यासाठीच लावलेला असतो. कुलूप आणि किल्ली एकाच लिफाफ्यात पाठवण्याला एरवी काय अर्थ आहे, हा प्रश्न मी आता नव्याने रुजू होणाऱ्या प्रत्येकाला विचारतो.

मागच्या वर्षी नेमकी अशीच झिप आमच्या लेखा विभागात आली. तो प्रसंग सविस्तर सांगतो, कारण डिफेंडरचे बळ आणि मर्यादा दोन्ही त्यात दिसतात. ज्या पुरवठादाराशी आमच्या ज्येष्ठ सहकारी मॅडमचा महिनाभर पत्रव्यवहार चालू होता, त्याच्याच जुन्या मेलला उत्तर म्हणून हा मेल आला होता. खाली त्यांनी स्वतः लिहिलेला मजकूर जसाच्या तसा होता, त्यामुळे शंका यायला जागाच नव्हती. कुणाचा तरी मेलबॉक्स फोडून जुन्या संभाषणात शिरण्याची ही पद्धत इमोटेट या मालवेअरने फार मोठ्या प्रमाणावर वापरली. ते २०१४ पासून फिरत होते आणि २०२१ च्या जानेवारीत अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून त्याचे सर्व्हर ताब्यात घेतल्यानंतरही त्याच वर्षाच्या अखेरीस ते पुन्हा डोके वर काढू शकले. अनोळखी माणसाचा मेल उघडू नका, हा आपण वर्षानुवर्षे देत आलेला सल्ला इथे निरुपयोगी ठरतो, कारण पाठवणारा ओळखीचाच असतो.

मॅडमनी मेलमध्ये दिलेला चार अंकी पासवर्ड टाकून झिप उघडली. आत ‘सुधारित देयक’ नावाची, पीडीएफचे लाल चिन्ह असलेली एक फाइल होती. ती बाहेर काढताच कोपऱ्यात डिफेंडरची सूचना आली आणि फाइल नाहीशी झाली. त्यांनी पुन्हा काढली, ती पुन्हा नाहीशी झाली. तेव्हा त्यांनी सूचनेवर क्लिक करून पुढची पाने उघडली आणि ‘अलाऊ ऑन डिव्हाइस’ हा पर्याय निवडला. त्यावर संगणकाने ॲडमिनचा पासवर्ड मागितला आणि माझा फोन वाजला. “सर, ते बिल उघडतच नाहीये. सारखं अँटिव्हायरस मधे येतंय आणि आता तुमचा पासवर्ड मागतंय. जरा येता का?” मी गेलो, क्वारंटाइनमध्ये, म्हणजे डिफेंडर पकडलेल्या फाइली जिथे वेगळ्या ठेवते तिथे, अडकलेल्या फाइलचे पूर्ण नाव पाहिले, आणि पीडीएफ या अक्षरांपुढे ‘डॉट ईएक्सई’ होते, म्हणजे ते बिल नव्हते, चालवायचा प्रोग्राम होता.

मॅडमना दोष देण्यासारखे त्यात काही नव्हते. अडथळा आला की तो दूर करून काम पुढे न्यायचे, हीच तर त्यांची तीस वर्षांची कार्यक्षमता आहे. पण धोक्याची सूचना आणि कामातला अडथळा यांतला फरक पुसला गेला, की उत्तम अँटिव्हायरससुद्धा माणसाच्या हातूनच बंद पडते. त्या दिवशी निम्मे काम डिफेंडरने केले आणि उरलेले निम्मे काम त्या संगणकावर मॅडमचे खाते ॲडमिनचे नव्हते या एका गोष्टीने केले. विंडोज बसवताना तयार होणारे पहिले खाते ॲडमिनचे असते आणि लहान कार्यालयांत तेच खाते सगळे जण वर्षानुवर्षे वापरत राहतात. तसे असते तर पासवर्डऐवजी केवळ ‘येस’ हे बटण समोर आले असते आणि ते दाबले गेले असते. ज्या कार्यालयांत डिफेंडरच वापरायचे ठरेल, तिथे रोजच्या कामासाठी साधे खाते आणि ॲडमिनचे खाते वेगळे, हे पहिल्या दिवशी झाले पाहिजे. याला एक पैसाही लागत नाही आणि तरीही मी पाहिलेल्या कार्यालयांपैकी फार थोड्यांनी ते केले आहे.

फाइलच्या नावाचा प्रश्न तर याहून जुना आहे. ४ मे २००० रोजी जगभर पसरलेल्या आय लव्ह यू या व्हायरसची फाइल ‘टीएक्सटी’ असे भासवणारी होती आणि तिचे खरे शेपूट, म्हणजे फाइलचा प्रकार सांगणारी नावाच्या शेवटची अक्षरे, ‘व्हीबीएस’ हे विंडोजने लपवलेले होते. ओळखीच्या फाइलींची शेपटे लपवण्याची विंडोजची मूळ मांडणी आजही तशीच आहे. फाइल एक्सप्लोररमधील ‘फाइल नेम एक्स्टेंशन्स’ हा पर्याय मी आता सगळ्या संगणकांवर सुरू करून ठेवला आहे.

पेनड्राइव्हची सवय मला अटॅचमेंटपेक्षाही अवघड वाटते, कारण तिचा परिणाम दिसत नाही. इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलला विंडोज एक अदृश्य खूण लावते. ती खूण पाहूनच विंडोजमधील स्मार्टस्क्रीन ही सोय इशारा देते आणि ती पाहूनच वर्ड आणि एक्सेल बाहेरून आलेल्या फाइलीतील मॅक्रो, म्हणजे फाइलीत भरलेल्या आपोआप चालणाऱ्या आज्ञा, बंद ठेवतात. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये मॅक्रोबाबत ही कडक पद्धत सुरू केली, आणि १९९९ च्या मेलिसापासून चालत आलेला मॅक्रो व्हायरसचा राजमार्ग त्यामुळे बराच अरुंद झाला. पण ही खूण एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवरच टिकते. बाजारात मिळणारे पेनड्राइव्ह बहुधा फॅट ३२ किंवा एक्सफॅट पद्धतीचे असतात, आणि फाइल त्यांवर गेली की खूण पुसली जाते. म्हणजे एकाने मेलमधील फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि प्रिंटर जोडलेल्या संगणकावर नेऊन उघडली, तर त्या दुसऱ्या संगणकाच्या दृष्टीने ती फाइल घरचीच ठरते. इंटरनेटवरून आलेल्या फाइलीवर दिसणारी लाल पट्टी दिसत नाही, जुनी पिवळी पट्टी दिसते आणि ‘एनेबल कन्टेंट’ दाबले की मॅक्रो चालू होतो. आमच्याकडे दिवसातून दहा वेळा हे होत असे. कुणालाही त्यात वावगे वाटत नव्हते आणि खरे सांगायचे तर मलाही वाटले नव्हते. प्रिंटर नेटवर्कवर घेतल्यावर पेनड्राइव्हची ही ये-जा जवळजवळ थांबली.

पेनड्राइव्ह लावल्याबरोबर डिफेंडर तो आपणहून संपूर्ण तपासत नाही. त्यातील फाइल उघडताना मात्र तपासते. बाहेरचा पेनड्राइव्ह लावल्यास त्याच्या चिन्हावर राइट क्लिक करून स्कॅन करण्याची सवय लावावी लागते. सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेला पेनड्राइव्ह बहुतेकांनी कधी ना कधी पाहिलेला असतो. त्यात मूळ फोल्डर लपवलेले असतात आणि शॉर्टकटवर डबल क्लिक केले की आधी व्हायरस चालतो, मग फोल्डर उघडतो. अशा परिचित प्रकारांत डिफेंडरने आम्हाला एकदाही दगा दिलेला नाही.

सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट मला आमच्या जुन्या हिशेबाच्या संगणकावर सापडली. मुख्य पडद्यावर सगळीकडे हिरव्या खुणा होत्या. सहज म्हणून ‘एक्सक्लूजन्स’ ही अपवादांची यादी उघडली, तर तिच्यात संपूर्ण सी ड्राइव्ह घातलेला होता. म्हणजे त्या संगणकाच्या मुख्य ड्राइव्हवरील एकही फाइल डिफेंडर पाहत नव्हते. चौकशी केली तेव्हा कळले की दोन वर्षांपूर्वी एक सॉफ्टवेअर बसवायला आलेल्या तंत्रज्ञाने अँटिव्हायरस मधे येते म्हणून हे केले होते आणि काम संपल्यावर तसेच सोडून दिले होते. सॉफ्टवेअर बसवताना ‘अँटिव्हायरस थोडा वेळ बंद करा’ असे सांगणे ही या व्यवसायातली सर्रास सवय आहे, आणि आपणही तंत्रज्ञ म्हणतो आहे म्हणजे बरोबरच असेल असे मानून होकार देतो. अपवादांची ही यादी चार पाने आत दडलेली असते आणि मुख्य पडद्यावरून तिचा पत्ता लागत नाही, ही मी डिफेंडरच्या मांडणीतील खरी उणीव मानतो. एखाद्या सॉफ्टवेअरला अपवाद द्यावाच लागला, तर फक्त त्याच्या फोल्डरपुरता द्यावा आणि तो कुणी, कधी, कशासाठी दिला ते लिहून ठेवावे.

फुकट कन्व्हर्टर आणि चोरीची सॉफ्टवेअर यांबद्दल थोडक्यात सांगतो. शोधल्यावर सर्वांत वर दिसणारा दुवा अनेकदा जाहिरातीचा असतो आणि तिथून उतरणाऱ्या पीडीएफ कन्व्हर्टरसोबत नको असलेली दोन-तीन सॉफ्टवेअर येतात. डिफेंडरमधील ‘पोटेन्शियली अनवॉन्टेड ॲप’ अडवण्याची सोय अशांपैकी बरीच थांबवते. विंडोज किंवा ऑफिस ‘ॲक्टिव्हेट’ करून देणाऱ्या फाइलींचा प्रकार मात्र वेगळा आहे. त्या वापरण्याच्या सूचनांतच अँटिव्हायरस बंद करायला सांगितलेले असते आणि वापरणारा ते आनंदाने करतो. पहारेकऱ्याला घरी पाठवून दार उघडल्यावर पहारेकऱ्याचे परीक्षण करण्यात अर्थ उरत नाही.

अलीकडे पसरलेला एक प्रकार माझ्या दृष्टीने डिफेंडरची सर्वांत कठीण परीक्षा आहे. एखादे संकेतस्थळ उघडले की ‘तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करा’ अशी परिचित चौकट येते, आणि चित्रे निवडण्याऐवजी ती सांगते की विंडोजची कळ आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. तोपर्यंत त्या पानाने एक घातक आज्ञा गुपचूप क्लिपबोर्डवर कॉपी केलेली असते आणि माणूस ती स्वतःच्या हाताने ‘रन’च्या चौकटीत चिकटवून चालवतो. इथे अटॅचमेंट नसते, वापरणाऱ्याने उतरवलेली फाइल नसते, त्यामुळे अदृश्य खूण पाहून मिळणारा इशाराही नसतो. डिफेंडर पॉवरशेलमधील, म्हणजे आज्ञा लिहून चालवण्याच्या विंडोजच्या साधनातील, संशयास्पद आज्ञा पाहू शकते आणि असे बरेच प्रयत्न अडवतेही, पण रोज बदलणाऱ्या आज्ञांपैकी प्रत्येक ते ओळखेल असा भरवसा कुणीच देऊ शकत नाही. चौकटीत टिचकी मारून पुढे जाण्याची जी सवय आपल्या बोटांना वर्षानुवर्षे लागली आहे, नेमकी तीच इथे वापरली जाते.

अशा मार्गाने येणारे मालवेअर बहुधा माहिती चोरणारे असते. ते पडद्यावर काहीच दाखवत नाही, संगणक संथ करत नाही. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि लॉगिन टिकवून ठेवणाऱ्या कुकीज काही क्षणांत उचलून नेते, आणि त्या कुकीज हाती लागल्या की मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीचीही गरज उरत नाही. कार्यालयाचे बँकेचे खाते, मेल आणि स्वतःची खासगी खाती एकाच ब्राउझरमध्ये दिवसभर उघडी ठेवण्याची सवय म्हणूनच महाग पडू शकते. काम संपल्यावर महत्त्वाच्या खात्यातून लॉगआउट होणे इथे खरोखर उपयोगी पडते. डिफेंडरने असे मालवेअर उशिरा पकडले, तरी फाइल हटवल्याने गेलेले पासवर्ड परत येत नाहीत. ते दुसऱ्या, स्वच्छ संगणकावरून बदलावे लागतात आणि सगळीकडचे चालू लॉगिन बंद करावे लागते.

अपडेट पुढे ढकलण्याच्या सवयीबद्दल वानाक्राय या रॅन्समवेअरचे, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या मालवेअरचे, उदाहरण आजही पुरेसे आहे. विंडोजमधील ज्या त्रुटीतून ते पसरले, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी दिली होती आणि हल्ला झाला १२ मे रोजी. जवळपास दोन महिने ती दुरुस्ती ‘नंतर आठवण करा’ या बटणामागे किंवा कुणाच्या तरी राहून गेलेल्या कामांच्या यादीत पडून होती, आणि शेवटी सुमारे दीडशे देशांतील संगणक कुलूपबंद झाले. त्यात कुणी मेल उघडण्याचीही गरज नव्हती, एका संगणकावरून ते नेटवर्कमधून दुसऱ्यावर स्वतःच जात होते. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. डिफेंडरच्या व्हायरस ओळखण्याच्या याद्या त्यावर पुढेही येत राहणार आहेत, त्यामुळे संगणक सुरक्षित आहे असे पडद्यावर दिसत राहील, पण वाढीव मुदतीच्या योजनेत नाव नोंदवले नसेल तर खुद्द विंडोजमधील नव्या त्रुटी उघड्याच राहतील. जुने संगणक वापरणाऱ्या कार्यालयांनी या दोन गोष्टींची गल्लत करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

रॅन्समवेअरसाठी डिफेंडरमध्ये ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ नावाची सोय २०१७ पासून आहे. अनोळखी प्रोग्रामला डॉक्युमेंट्ससारख्या ठरावीक फोल्डरांतील फाइली बदलू न देणे, हे तिचे काम. सोय उत्तम आहे, पण मुळात बंद असते आणि सुरू केल्यावर चांगल्या प्रोग्रामनाही अडवू शकते, म्हणून आपल्या वापरातील प्रोग्राम एकेक करून परवानगीच्या यादीत घालावे लागतात. आम्हाला त्याला दोन आठवडे लागले. त्या काळात सहकाऱ्यांनी केलेल्या तक्रारी रास्त होत्या आणि प्रत्येक तक्रारीला लगेच उत्तर दिले म्हणूनच ही सोय आज सुरू राहिली आहे. तिच्या जोडीला संगणकापासून काढून ठेवलेल्या हार्ड डिस्कवर आठवड्याचा बॅकअप हवाच, कारण सतत जोडलेली डिस्क रॅन्समवेअर संगणकासोबतच कुलूपबंद करते.

तीन वर्षांच्या अनुभवावरून वीस-पंचवीस संगणकांच्या कार्यालयाला मी डिफेंडरची शिफारस करतो. जुन्या अँटिव्हायरसपेक्षा आमचे संगणक हलके चालतात, नूतनीकरणाच्या जाहिराती समोर येत नाहीत आणि पकडायला हवे ते बहुतेक वेळा पकडले गेले आहे. पण ज्या कार्यालयात त्याच्याकडे पाहणारे कुणीच नाही, तिथे मी ती करणार नाही. विंडोजसोबत येणाऱ्या साध्या डिफेंडरमध्ये सगळ्या संगणकांची स्थिती एका पडद्यावर दिसत नाही. ती हवी असेल तर मायक्रोसॉफ्टची व्यवसायांसाठीची वेगळी सेवा पैसे भरून घ्यावी लागते. आम्ही अजून ती घेतलेली नाही. दर सोमवारी सकाळी काम सुरू होण्याआधी मी प्रत्येक संगणकावर जाऊन ‘प्रोटेक्शन हिस्टरी’ आणि अपवादांची यादी उघडून पाहतो. बावीस संगणकांना पाऊण तास लागतो. लेखा विभागातील मॅडम आता शुक्रवारीच एका कागदावर लिहून ठेवतात की आठवड्यात कोणती सूचना किती वाजता आली आणि तेव्हा त्या कोणती फाइल उघडत होत्या. माझी सोमवारची फेरी त्यांच्या टेबलापासून सुरू होते.